राखून ठेवलेलं नाव

कांगिक वस्ती, बॅफिन बेट
१२ जानेवारी १९७०

ती. आजीस (वय वर्षे चोवीस) थोरला भाऊ आलाशुआ याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लाल स्वेटर नाताळच्या विमानाने पोचले. स्वेटर माझ्यासाठी होता ना? तो बाबांनी घातलाय आणि काढायला तयार नाहीत. दुकानात, चर्चमध्ये, दिसेल त्याला सांगतात की माझ्या आईने दक्षिणेहून पाठवला. त्यांची आई वारली त्याच हिवाळ्यात तू जन्मलीस आणि तिचं नाव तुला पडलं, एवढंच तुझं कर्तृत्व. तेवढ्यावर तू बापाची आई झालीस, आणि मी मात्र आजीच्या वेण्या ओढल्या म्हणून मार खाल्ला.

आता मुख्य बातमी. कौनाक बाळंत झाली. मुलगी झाली, बावीस डिसेंबरला, ऊलायुक मावशीच्या हातावर. माझ्या दोन तळव्यांत मावते एवढीशी आहे आणि दूध ओढत नाही. नर्सबाई बाटली देऊन गेल्या, तेही तोंडाच्या कडेने बाहेर येतं. मावशी म्हणते, पोटाचं काही नाही, लेकरू नाव मागतंय. आपलं कुणीतरी दारात उभं आहे, त्याला आत घ्या. तिने बाळाच्या कानाशी आपल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतली. आनिर्निक म्हटलं आणि रडं थांबलं. तीनदा करून पाहिलं, तीनदा थांबलं. श्वास असा त्या नावाचा अर्थ. श्वासाच्याच दुखण्याने जिला नेलं ती आई परत आली, असं सगळ्यांना वाटलं. कौनाक तर रडायला लागली, सासूबाईंनी माझं घर निवडलं म्हणून.

फक्त बाबा अडून बसलेत. तुमची आई मेली असं तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारतात. जिवंत माणसाचं नाव काढून बाळाला दिलं तर दोन्ही जातील, म्हणतात. त्यांचंही खोटं कसं म्हणू? क्षय तपासणारं एक्स-रेचं जहाज आईला घेऊन गेलं त्याला या उन्हाळ्यात तेरा वर्षं होतील. पहिली पाच-सहा वर्षं तिची पत्रं यायची, बाबा आपल्याला वाचून दाखवायचे. मग ती थांबली. मेल्याचं पत्र मात्र कधीच आलं नाही.

तू त्या नावांच्या ऑफिसात बसतेस. वसंतात तुमचा माणूस इथे येणार, प्रत्येक घराला एक आडनाव देणार आणि आपल्या गळ्यातल्या सरकारी नंबराच्या चकत्या बाद होणार, असं पाद्रीबाबा म्हणाले. कौनाक हसून लोळते: सासऱ्याचं नाव जी तोंडाने घेत नाही तिने ते आयुष्यभर आपल्या नावामागे लावायचं! ते असो. तुमच्या याद्यांमध्ये आईचा नंबर शोध. ई सहा, चारशे बारा. काय असेल ते कळव, आणि लवकर कळव.

लोभ आहेच, तो थंडीत गोठू देऊ नये.

तुझा नातू म्हण की भाऊ,
आलाशुआ


३ फेब्रुवारी १९७०

चि. नातवास आजीचे अनेक आशीर्वाद, बाळीला पापे.

दादा, बसून वाच. आई आहे!

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी मी खालच्या खोलीतल्या जुन्या याद्या काढल्या. नंबर, नाव, वस्ती, आणि शेवटी मेलेल्यांसाठी फुलीचा रकाना. ई सहा, चारशे बारा, आनिर्निक, कांगिक. फुली नाही! पुढे पेन्सिलीने एका अपंगाश्रमाचं नाव लिहिलंय. इथून दोन दिवस आगगाडीने, गव्हाच्या मुलखात. मी फोन लावला. तिथली बाई म्हणाली की हो, आहेत, पाठीचा कणा गेलाय, चालता येत नाही, बोलतात फारच कमी, कारण त्यांची भाषा येणारं इथे कुणीच नाही. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. आमचे फ्लेचरसाहेब घाबरून पाणी घेऊन आले.

फ्लेचर म्हणजे बाण करणारा, बरं का. मी पुस्तकात पाहिलं. साहेबांनी जन्मात बाण धरला नसेल. आणि माझ्या शेजारी बसतात त्या मिसेस मॅकिन्टायर, म्हणजे सुताराचा मुलगा. बाई असून मुलगा, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तर शिपायाला हाक मारतात. या लोकांची नावं अशी रिकामी असतात. कुणाचं तरी असतं, पण ते कुणीतरी त्यात राहत नसतं. मी एकदा मिसेस मॅकिन्टायरना सांगितलं की माझे वडील मला आई म्हणतात. त्यांना वाटलं, माझं इंग्रजी चुकलं.

रजा मिळाली की मी तिच्याकडे जाते. रेडिओवरून हे सांगणार होते, पण रेडिओ सगळी वस्ती ऐकते. आधी बाबांना कळू दे. माझ्या लेकाला सांग की तू बरोबर होतास, आम्ही उगाच हट्ट करत होतो.

आणि दादा, बाळीला आईचं नाव देऊ नका. अजिबात नको. मावशीला म्हणावं, दुसरं कुणीतरी दारात उभं असेल, नीट ऐक. मी आईला भेटून पत्र टाकेपर्यंत थांबा.

घाईत लिहिलंय, अक्षराला हसू नये आणि लोभ होता तसाच ठेवावा.

तुल्लिक


कांगिक
१ मार्च १९७०

चि. तुल्लिकला आलाशुआचे आशीर्वाद.

तुझं पत्र चौदा तारखेच्या विमानाने आलं. मी बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ते नाचतील. ते उठले, फरचा पार्का न घालता बाहेर गेले आणि स्लेजवर बसून राहिले. गालावर हिमदंशाचे पांढरे डाग पडेपर्यंत बसले. मी ओढून आत आणलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाळ तेवीस तारखेला गेलं. छातीत कफ झाला होता. नर्सबाईंनी सुई दिली, विमान मागवलं, पण तीन दिवस वादळ होतं. तू सांगितलंस म्हणून आम्ही थांबलो होतो. मावशीने शेवटच्या सकाळी पुन्हा विचारलं की देऊ का नाव, आणि मी म्हटलं, नको, आई जिवंत आहे. मी म्हटलं. तुझ्यावर टाकत नाही.

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडून मेरी म्हटलं होतं. पण आपल्यात मेरी कुणी नव्हतंच, त्यामुळे त्या हाकेला कुणी आलं नाही. जमीन दगड झालीय. पेटी टेकडीवर ठेवून वर धोंडे रचले. कौनाकच्या अंगावर दूध तटलंय, ती भिंतीकडे तोंड करून असते. ऑफिसातून कागद आला, त्यात मृताचं नाव असा रकाना होता. मी तो तसाच परत दिला.

आईला यातलं काही सांगू नकोस.

आलाशुआ


६ मार्च १९७०

प्रिय दादास तुल्लिकचा नमस्कार.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. कालच परत आले. हे कसं लिहायचं ते आगगाडीत दोन दिवस ठरवत होते, काही ठरलं नाही.

ती आपली आई नाही.

चाकांच्या खुर्चीत खिडकीशी बसली होती. मी आपल्या भाषेत नमस्कार म्हटला तशी तिने माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. नाव तिचंही आनिर्निकच. पण ती नुवुक वस्तीची, सिमिओनीची बायको. मी कोण, कुणाची, सांगितलं तेव्हा म्हणाली की तू वेण्यांसाठी भांडणारी तुल्लिक का? आईने तिला आपलं सगळं सांगितलं होतं. क्षयाच्या दवाखान्यात दोघींचे पलंग शेजारी होते. नाव एक तर हाड एक, म्हणून एकमेकींना माझं हाड अशी हाक मारायच्या, आणि नर्सा हाक मारताना आनिर्निक म्हणायच्या तर दोघीही मुद्दाम ओ द्यायच्या.

दोघींचं एकेक फुप्फुस एकाच आठवड्यात कापलं. कापण्याआधी गळ्यातल्या चकत्या काढून एका ताटलीत ठेवल्या. परत घालताना कुणीतरी नाव वाचलं, नंबर वाचला नाही. त्या दोघींना तर गोऱ्यांचे आकडे वाचताच येत नव्हते. आई चौथ्या दिवशी दुपारी गेली. १९५८चा जानेवारी. वेण्या ताणतात, सोडून दे, असं तिने हिला सांगितलं, हिने बसून दोन्ही वेण्या सोडल्या, आणि मग ती गेली. म्हणजे बारा वर्षं झाली, दादा. हिच्या नंबरावर पुरली, आणि मेल्याचं पत्र नुवुकला गेलं, सिमिओनीकडे. तिकडे हिच्या नावाने कधीच रडून झालं असेल.

ही मात्र आईचा नंबर घालून जगत राहिली. नवऱ्याला आपल्या अक्षरांत कितीतरी पत्रं लिहिली म्हणाली, पाच वर्षं. पाकिटावरचा पत्ता ऑफिसवाले नंबर पाहून घालायचे. एकालाही उत्तर आलं नाही. त्याने दुसरी केली असेल असं समजून लिहायचं बंद केलं.

तिची पत्रं कुठे गेली असतील ते मला कळतंय. तुलाही कळेल. मी ते इथे लिहीत नाही. फक्त एक आठवतं. आईने लिहिलंय की तुल्लिकने कच्ची बोरं खाऊ नयेत, असं बाबांनी वाचून दाखवलं होतं, आणि मी त्या वर्षी खरंच एकही कच्चं बोर खाल्लं नव्हतं.

हे पत्र हातात पडेल त्या दिवशी बाळीला नाव द्या. वाट पाहू नका. माझं चुकलं.

लोभ करावा असं आज मागवत नाही, तरी मागते.

तुल्लिक


कांगिक
२८ मार्च १९७०

ती. आई हिच्या चरणी मुलगा नुताराक याचा नमस्कार.

आलाशुआने तुझं दुसरं पत्र वाचलं, माझ्यासमोर घडी करून ठेवलं आणि बंदूक घेऊन सीलच्या मागे निघून गेला. चार दिवस झाले, परतला नाही. म्हणून मीच लिहितो.

पहिलं पत्र ५८च्या वसंतात आलं. उघडलं तर वर सिमिओनीचं नाव. अक्षर तुझ्या आईचं नव्हतं. मी समजलो की पत्र चुकून आलं, नुवुकला जाणारा कुणी भेटला की देऊ. मग नुवुकहून शिकारी आले, ते म्हणाले की सिमिओनीची आनिर्निक गेली, कागद आला, आणि त्याच्या बहिणीच्या मुलीला तिचं नाव दिलं. मेलेलीचं पत्र माझ्या खिशात होतं. तेव्हा मला कळलं की मग मेली कोण.

तुम्ही दोघं समोर बसला होतात. आलाशुआने विचारलं की आईचं पत्र का? मी हो म्हटलं. वाचून दाखव म्हणाला. मी वाचलं. सिमिओनी होतं तिथे माझं नाव घातलं, तिच्या मुलाचं होतं तिथे कधी तुझं, कधी आलाशुआचं. तुम्ही इतके हसलात. त्यानंतर खरं सांगायला तोंड राहिलं नाही. प्रत्येक पत्रात ती विचारायची की तू उत्तर का देत नाहीस. तेवढी ओळ मी गाळायचो.

नुवुक चार दिवसांच्या वाटेवर आहे. मी दर वर्षी म्हणायचो की यंदा जाऊन सांगेन. पुढे पुढे मी त्या पत्रांची वाट पाहू लागलो, तुझ्या आईची म्हणून नव्हे, तिचीच म्हणून. हेही लिहून टाकतो. पत्रं थांबली तेव्हा मला वाटलं की दुसरीही गेली. मी दोनदा विधुर झालो आणि कुणाला सांगू शकलो नाही.

तुझ्या आईचं नाव कुणाला दिलं असतं तर ती गेली हे सगळ्यांसमोर खरं झालं असतं. म्हणून अडवलं. ती माझ्या दारात येऊन दोन महिने रडली. मी दार उघडलं नाही. ती परत गेली.

आई, मला लहान असताना तू मारायचीस असं म्हणतात. आता मार.

नुताराक


२० एप्रिल १९७०

दादास,

तुझं एक मार्चचं आणि बाबांचं, दोन्ही मिळाली.

कौनाकच्या पाया पडते. मी नको म्हणून लिहिलं होतं, ते पत्र तिने जपलं असेल तर जाळून टाक म्हणावं.

बाबांना उत्तर लिहिणार नाही. बसले होते लिहायला, वर काय लिहायचं तेच सुचेना. बाबा लिहावं की बाळ.

नुवुकच्या आनिर्निकला घरी पाठवण्यासाठी अर्ज केलाय. कागदोपत्री ती मेलेली आहे. मेलेल्या माणसाला विमानाचं तिकीट मिळत नाही. तरी खटपट करते.

तुल्लिक


कांगिक
२ जून १९७०

चि. तुल्लिकला आलाशुआचे अनेक आशीर्वाद.

आम्ही नुवुकला जाऊन आलो. बाबा एकटेच निघाले होते, वितळू लागलेल्या बर्फावरून. कौनाक म्हणाली की जा त्यांच्यामागे, या घरात आता आणखी कुणी मरायचं नाही. म्हणून गेलो. चार दिवस एका स्लेजवर बसलो, चहा पाजला, तेवढंच.

सिमिओनी म्हातारा झालाय. दुसऱ्या बायकोने सीलचा रस्सा वाढला. बाबांनी खाण्याआधीच पत्रांचा डबा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. सिमिओनी शांतपणे जेवला. मग म्हणाला की मला आता दिसत नाही, तूच वाच. तुला वाचायची सवय आहे. बाबांनी एकेक पत्र वाचलं, या वेळी होतं तसं. उत्तर का देत नाहीस ही ओळ आली की सिमिओनी हात वर करायचा, ती पुन्हा वाचायला लावायचा. दुपारपासून संध्याकाळच्या चहापर्यंत हे चाललं. त्याची बायको पाठ करून कातडं शिवत होती, तिची सुई दोनदा मोडली.

बहिणीची ती मुलगी तिथेच होती, बारा वर्षांची, आनिर्निक. सिमिओनी तिला बायको म्हणतो, आणि तीही त्याला दमात घेते: चहा सांडू नकोस, टोपी घाल. शेवटी तो तिच्याकडे वळून म्हणाला की ऐकलंस, आपण दोघांनी उगाच सुतक धरलं. मग बाबांना म्हणाला की मी तुला मारत नाही, कारण माझ्या हातात जोर नाही. पुन्हा या घरात येऊ नकोस.

परत येताना बाबा दोनदा स्लेजवरून खाली पडले. दुसऱ्यांदा मी त्यांना माझ्या पाठीशी बांधलं.

तुमचा आडनावांचा माणूस मेच्या शेवटी आला. भला माणूस आहे, आपल्यासारखं बोलतो. बाबांना म्हणाला, तुमच्या वडिलांचं नाव लावू या. बाबा म्हणाले की मला नाव नको, नंबरच राहू द्या, माझ्याकडे नाव दिलं की मी ते सांभाळत नाही. तो माणूस गोंधळला. मग मीच सांगितलं की आनिर्निक लिहा. सगळ्या घराला. बाबांनाही. मावशी म्हणाली की सगळ्यांना वाटलेलं नाव कुणालाच पोचत नाही, त्याला एक अंग लागतं. असेल. पण कौनाकने त्या कागदावर बोट ठेवून विचारलं की हे कुठे लिहिलंय, आणि ती अक्षरं तिने बराच वेळ पाहिली.

लोभ असू द्यावा. माझ्याकडे थोडा कमी झालाय, तो सवडीने भरेल.

आलाशुआ


नुवुक वस्ती
१४ सप्टेंबर १९७०

चि. बाळ नुताराक यास आईचे आशीर्वाद.

मुलगी म्हणून मला तुला काही लिहिता येईना. पाच महिने येईना. म्हणून आई म्हणून लिहिते. आईला लिहावंच लागतं.

मी आनिर्निकला घेऊन इथे आले. निघण्याआधी ऑफिसात दोन ओळी मीच टाइप केल्या. हिच्या नावापुढची फुली काढली आणि तुझ्या बायकोच्या नावापुढे मारली. फ्लेचरसाहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाला सांगू का. मी नको म्हटलं. मग आम्ही दोघी कबरीपाशी गेलो. दगड नाही, लाकडी खुंटी आहे, त्यावर हिचा नंबर. हिने खुर्चीतून वाकून गवत उपटलं आणि म्हणाली की हाडा, माझ्या जागेवर बरी झोपलीस, आता उठू नकोस. मी तिथे आईचं नाव आपल्या अक्षरांत लिहिलेली फळी ठोकून आले.

इथे विमानापाशी सगळी वस्ती होती. हिने सिमिओनीला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला की तुझे दात कुठे गेले? लोक हसले. सिमिओनी हसला नाही, बोललाही नाही, अजून बोलत नाही. हिचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. त्याने तिला पाठीवर घेतलं आणि आपल्या तंबूत नेलं. दुसरी बायको रोज मऊ शिजवलेले मासे आणून दाराशी ठेवते आणि पळून जाते.

ती बारा वर्षांची आनिर्निक येऊन नुसती बसायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की तू जिवंत आहेस, तर मग मी कोण? मला वाटलं, आता ही काय सांगणार. ही बराच वेळ खोकली. मग म्हणाली की मी इतकी वर्षं पलंगावर पडून होते, तरी कधी कधी पाय असे दुखायचे की दिवसभर पळाल्यासारखे. डॉक्टरांना कळत नव्हतं. आता कळलं, कोण पळत होतं. पोरगी उठून बाहेर गेली आणि पाण्याची बादली भरून आणली.

हिला हिवाळा निघेल असं इथल्या नर्सला वाटत नाही. एकच फुप्फुस आहे, तेही दमलंय.

तुझ्यासाठी तिचा निरोप आहे. म्हणाली की त्या माणसाने माझी सगळी पत्रं वाचली आहेत, मुलांना पाठ होईपर्यंत वाचली आहेत. सिमिओनीला मी आता काय लिहू, तो समोर आहे आणि गप्प आहे. तेव्हा उत्तर त्या वाचणाऱ्यानेच द्यावं. एका तरी पत्राचं द्यावं, आणि त्यात कुणाचंही नाव बदलू नये.

विमान दर मंगळवारी येतं. काय लिहायचं ते तुझं तू पाहा. लवकर लिही.

लोभाबद्दल मी अजून काही म्हणत नाही.

तुझी आई,
तुल्लिक